एकाच निळ्याची पाने

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची सुट्टीला साताऱ्याला आली, तेव्हा तिच्या सामानात एक जाडजूड वही होती. फुगलेली, दोऱ्याने बांधलेली. उघडून पाहिली तर प्रत्येक पान एकेका रंगाचे. लाल पानावर लग्नपत्रिकेचा तुकडा, जुन्या साडीची किनार, काडेपेटीचे वेष्टन, पोस्टाचे तिकीट. पिवळ्या पानावर एस.टी.चे तिकीट, वाळलेली झेंडूची पाकळी, हळदीच्या पुडीचा कागद. तिच्या महाविद्यालयातली बरीच मुले-मुली अशा वह्या करतात; ‘आर्ट जर्नल’ म्हणतात तिला. नियम एकच. पानावर जे चिकटवायचे ते त्या पानाच्या रंगाचे हवे.

निळे पान अर्धे रिकामे होते.

“आत्या, आजोबांच्या नळकांड्यातला तो निळा नकाशा आहे ना, त्याचा एक कोपरा कापून घेऊ?”

मी तत्काळ ‘नाही’ म्हटले. माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. साहेबांनी आखलेला नकाशा मेणकापडावर शाईने उतरवायचा आणि त्याच्या प्रती काढायच्या, हे त्यांचे काम. पत्र्याच्या नळकांड्यात त्यांनी एक नकाशा जपून ठेवला होता. गर्द निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. खात्यात अशा प्रतीला ‘फेरो’ म्हणत. नकार दिला खरा, पण मग मनात आले की अण्णा गेल्यापासून बारा वर्षांत ते नळकांडे मी एकदाही उघडलेले नाही. जपणे म्हणजे न उघडणे, अशी समजूत मी करून घेतली होती.

भाची हिरमुसली नाही. तिने दुसराच प्रश्न टाकला. “मग असं एका रंगात पान करणं सुरू कोणी केलं?”

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. नोकरी बँकेतली. इतिहासाचे वाचन मी संध्याकाळी आणि रविवारी केले, कोणी वाट दाखवणारे नसताना. त्यामुळे ‘सुरू कोणी केले’ या प्रश्नाची मला जरा धास्तीच वाटते. त्याचे खरे उत्तर सहसा एक नाव नसते. पण एका रंगाच्या पानांचे एक पुस्तक मला ठाऊक होते. आणि ज्या रसायनाने ते पुस्तक झाले, त्याच रसायनाने अण्णांचा नकाशाही झाला होता. त्या पुस्तकाची ही हकिगत.

कात्री, डिंक आणि काळे पान

पुस्तकाकडे जाण्याआधी थोडे मागे जावे लागेल. कागदावर वस्तू चिकटवून पान रचणे ही इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांतल्या बायकांची जुनी आवड. तिचा सर्वांत नामांकित नमुना मेरी डिलेनी यांचा. जन्म १७०० चा. बहात्तराव्या वर्षी, दुसऱ्यांदा विधवा झाल्यानंतर, त्यांच्या लक्षात आले की समोरच्या जिरेनियमच्या पाकळीचा रंग आणि मेजावरच्या लाल कागदाचा रंग एकच आहे. त्यांनी कात्री उचलली आणि कागदाचे फूल कापले. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी अशी ९८५ फुले केली. एकेका फुलात कागदाचे शेकडो कपटे. दृष्टी गेली तेव्हा, १७८२ मध्ये, काम थांबले. ही पाने आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

डिलेनीबाईंच्या फुलांत रंग पुष्कळ आहेत. पण पान सर्वत्र एकच, काळे. जवळजवळ हजार पानांवर तोच काळा. त्यामुळे नजर पार्श्वभूमीवर रेंगाळत नाही, सरळ फुलाच्या आकारावर जाते. पानाचा रंग एकदा ठरवून टाकला की पाहणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे वळते, हे त्यांना पुरते उमगले होते.

दुसरा धागा समुद्रकिनाऱ्यावरचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सागरी शैवाले गोळा करण्याचा छंद तिथे फोफावला. शैवालाची गंमत अशी की बशीतल्या पाण्यात ते तरंगत पसरते. खालून कागद अलगद उचलला की त्यावर बसते, आणि पुष्कळ जाती स्वतःच्याच चिकटपणाने कागदाला धरून राहतात. डिंकही लागत नाही. टॉर्कीच्या मेरी वायट यांनी १८३३ पासून खऱ्या शैवालांचे नमुने चिकटवलेले ग्रंथ विक्रीला काढले. ग्रंथ अचूक, कारण चित्र नव्हे, वनस्पतीच पानावर. अडचण एकच. जितक्या प्रती तितके नमुने समुद्रातून काढायला हवेत.

निळ्याचा जन्म

आता रंगाकडे. अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगकार लाल रंग करायला बसला होता. त्याला मिळालेला पोटॅश भेसळीचा निघाला आणि लालऐवजी गर्द निळा तयार झाला, अशी कथा सांगतात. त्या रंगाला प्रशियन निळा म्हणू लागले. लोखंडाच्या क्षारांपासून होणारा हा निळा स्वस्त होता आणि टिकाऊही. चित्रकारांनी तो उचलला. पुढे जपानी ठसेचित्रांतही, होकुसाईच्या लाटेत, तो पोचला.

१८४२ मध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने याच निळ्याला उन्हाच्या कामाला लावले. लोखंडाचे दोन क्षार, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, पाण्यात विरघळवून एकत्र करायचे. मंद उजेडात ते मिश्रण ब्रशने कागदावर लावून वाळवायचे. कागद पिवळट-हिरवा दिसतो. त्यावर वस्तू ठेवून वरून काच दाबायची आणि उन्हात मांडायचे. ऊन लागते तिथे रासायनिक बदल होऊन प्रशियन निळा तयार होतो. वस्तूखाली ऊन पोचत नाही, तिथे काहीच घडत नाही. शेवटी साध्या पाण्यात धुतले की न बदललेले मिश्रण वाहून जाते आणि निळ्यावर पांढरा आकार उरतो. हर्शेलने या पद्धतीला सायनोटाइप नाव दिले. चांदीचे महाग क्षार नकोत, कॅमेरा नको, अंधारी खोली नको. ऊन आणि पाणी पुरे.

फक्त एक गोष्ट तुमच्या हाती नाही. रंग. हवा असो वा नसो, निळाच.

हॉलस्टेडच्या वाड्यातली बाई

ॲना ॲटकिन्स यांचा जन्म केंट परगण्यातला, १७९९ चा. आई वर्षभरातच गेली. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन शास्त्रज्ञ होते आणि ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला होते. मुलीला त्यांनी स्वतःच्या कामात बरोबर घेतले. शंख-शिंपल्यांवरच्या लामार्कच्या फ्रेंच ग्रंथाचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले, त्यासाठी तरुण ॲनाने अडीचशेवर चित्रे काढली. म्हणजे हाताला वळण होते, आणि शास्त्रीय चित्राला काय लागते याची समजही. १८२५ मध्ये जॉन पेली ॲटकिन्स यांच्याशी विवाह झाला आणि त्या सेव्हनओक्सजवळच्या हॉलस्टेड गावी राहायला गेल्या. मूलबाळ झाले नाही. १८३९ मध्ये त्या लंडनच्या बोटॅनिकल सोसायटीच्या सदस्य झाल्या. स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या मोजक्या विद्वत्सभांपैकी ती एक. वडील १८४० मध्ये निवृत्त झाले. हर्शेल हे वडिलांचे स्नेही, त्यामुळे नवी पद्धत बापलेकींच्या हाती लगोलग आली.

निमित्त झाले एका पुस्तकाचे. आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हेन्री हार्वी यांचे ब्रिटिश शैवालांवरचे पुस्तक १८४१ मध्ये निघाले होते. माहितीने भरलेले, पण एकही चित्र नसलेले. ॲनाबाईंनी ठरवले की त्याला चित्रांची जोड द्यायची. मात्र केसाएवढ्या बारीक फांद्यांचे शैवाल हाताने अचूक काढणे फार अवघड, म्हणून हर्शेलच्या पद्धतीने प्रत्यक्ष वनस्पतीचाच ठसा घ्यायचा, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. ‘फोटोग्राफ्स ऑफ ब्रिटिश ॲल्गी’ या पुस्तकाचा पहिला भाग ऑक्टोबर १८४३ मध्ये निघाला. फॉक्स टॅल्बट यांचे ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे छायाचित्रांचे गाजलेले पुस्तक त्यानंतरचे, १८४४ चे. त्यामुळे छायाचित्रांनी सजवलेले जगातले पहिले पुस्तक म्हणून आज ॲनाबाईंच्या पुस्तकाचे नाव घेतात.

दहा वर्षे हे काम चालले. पूर्ण संचात ३८९ चित्रपाने, शिवाय मजकुराची पाने. छापखाना कुठेच नाही. मजकूरही त्यांच्या हस्ताक्षरात, त्याच पद्धतीने निळ्यावर पांढरा उमटवलेला. प्रत्येक प्रतीतले प्रत्येक पान स्वतंत्रपणे उन्हात ठेवून, धुऊन, वाळवून केलेले. नुसत्या बारा पूर्ण प्रती धरल्या तरी साडेचार हजारांहून अधिक पाने होतात. घरातले नोकर मदतीला असतीलच. तरी इंग्लंडच्या ढगाळ हवेत एवढे ऊन गाठणे ही साधी गोष्ट नव्हे.

यातली पाने संगणकाच्या पडद्यावर मी कित्येक संध्याकाळी पाहिली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत खुद्द हर्शेलला भेट दिलेली प्रत आहे, आणि ती घरबसल्या पाहता येते. पहिल्यांदा पाहताना शास्त्राचे पुस्तक वाटते. चार-पाच बैठकींनंतर पानांमागची रचना दिसू लागते. ‘डिक्टिओटा डायकोटोमा’ या शैवालाच्या फांद्या एकमेकींवर न पडता कशा सुट्या मांडल्या आहेत. कुठे एक मोठा नमुना मधोमध, कुठे दोन लहान नमुने तोल साधून. नाव पानाच्या तळाशी. ते लिहायची युक्तीही पाहण्याजोगी. तेल लावून पारदर्शक केलेल्या कागदाच्या पट्टीवर शाईने लॅटिन नाव लिहायचे आणि ती पट्टी शैवालाबरोबरच उन्हात ठेवायची. नाव आणि आकार एकाच उन्हात उमटतात. ग्रंथाच्या शीर्षकपानावर तर त्यांनी शैवालाच्या तंतूंचीच अक्षरे जुळवली आहेत. शास्त्रीय ग्रंथाला याची गरज नव्हती. वस्तू हातात घेऊन पान रचण्याची ज्यांना गोडी असते, त्यांनाच असे सुचते. माझ्या भाचीने हे पान पाहून एवढेच म्हटले, “हिला मजा येत होती.”

निळ्याने काय पुसले

इथपर्यंतची हकिगत कौतुकाची आहे, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात. मला पुढे जायचे आहे. कारण एका रंगात पान करायचे तर बाकीचे रंग सोडावे लागतात, आणि काय सोडले हे कधीतरी विचारायला हवे.

ज्या हार्वींच्या पुस्तकाला जोड म्हणून हे काम झाले, त्यांचे शास्त्रातले मोठे योगदान कोणते? त्यांनी १८३६ मध्ये शैवालांची मोठी विभागणी रंगावरून केली. हिरवी, तपकिरी, लाल असे मुख्य गट. रंग हीच शैवालाची पहिली ओळख, हे त्यांचे म्हणणे. आजही तांबडी, हिरवी, तपकिरी शैवाले असेच आपण म्हणतो. आणि ॲनाबाईंनी त्याच शैवालांना अशा कागदावर आणले, जिथे हिरवे, तपकिरी, लाल सगळे एकसारखे पांढरे होऊन जातात. विभागणीचा आधारच पानावरून गेला.

त्यांना हे कळत नसेल असे मला वाटत नाही. शंख-शिंपल्यांची अडीचशे चित्रे काढलेल्या हाताला रंगाचे मोल ठाऊक असणारच. त्यांनी हिशेब केला असावा. आकार अगदी अचूक हवा तर रंग सोडावा लागेल, आणि तो त्यांनी सोडला. हार्वींनी पुढे १८४६ ते १८५१ या काळात स्वतःच ३६० रंगीत चित्रांचा ग्रंथ काढला. अभ्यासकांनी कामासाठी तो वापरला, यात नवल नाही. निळे पुस्तक मागे पडले.

मागे पडण्याचे दुसरे कारण त्याच्या घडणीतच होते. ॲनाबाईंनी ते विकले नाही. भाग तयार होतील तसे त्या स्नेह्यांना आणि संस्थांना पाठवत. पाने सुटी. ती लावायची आणि बांधायची ज्याची त्याने. आधीच्या एखाद्या पानाचा ठसा समाधानकारक वाटला नाही तर त्या नवे पान करून पाठवत. जुने काढून नवे घालायचे. परिणाम असा की आज हाती असलेल्या डझनभराहून थोड्या अधिक प्रतींपैकी कुठल्याही दोन तंतोतंत सारख्या नाहीत. लेखिकेचे नावही नव्हते. प्रस्तावनेखाली फक्त दोन आद्याक्षरे, ए. ए. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्लासगोच्या विल्यम लँग यांच्या हाती एक प्रत आली, तेव्हा ही आद्याक्षरे ‘ॲनॉनिमस ॲमॅच्युअर’ची, म्हणजे कुणा अनामिक हौशी माणसाची, असाच त्यांनी अर्थ लावला होता. पुढे नाव कळले, पण सविस्तर अभ्यास व्हायला १९८५ साल उजाडले. लॅरी शाफ यांचे पुस्तक त्या वर्षीचे.

‘हौशी’ हा शब्द मला टोचतो, हे कबूल करते. आमच्यासारख्यांना तो नेहमी ऐकावा लागतो. छपाई नाही, विक्री नाही, नाव नाही, कॅमेरा नाही. मग हे पुस्तक तरी कसे आणि छायाचित्र तरी कसे, असे म्हणत इतिहासकारांनी ते बरीच वर्षे बाजूला ठेवले. पण नीट पाहिले तर कामातली चिकाटी कुठल्याही पगारी माणसाला लाजवेल अशी आहे. एखाद्या ठशात उणीव दिसली म्हणून तो पुन्हा करून दहा घरी पाठवणारी बाई वेळ घालवत नव्हती.

तिसरी गोष्ट अधिक अवघड. १८५२ मध्ये वडील वारले. बालपणापासूनची मैत्रीण ॲन डिक्सन तेव्हा सोबतीला आली, आणि दोघींनी मिळून नव्या संग्रहांना हात घातला. १८५३ चा नेच्यांचा संग्रह, पुढच्या वर्षी फुलझाडांचा आणि नेच्यांचा. पिसे, लेस यांचेही ठसे आहेत. निळ्यावर पांढरे मोरपीस फार देखणे. या संग्रहांतल्या काही नेच्यांखाली, त्याच सुबक अक्षरांत, एक शब्द आहे. जमैका.

जमैकाचे नेचे केंटमधल्या वाड्यात कसे आले? ॲनाबाईंचे सासर वेस्ट इंडीजशी व्यापार करणारे. जमैकातले मळे गुलामांच्या श्रमावर उभे राहिले होते. ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये केला, आणि तिथल्या माणसांना पुरती मोकळीक मिळाली ती १८३८ मध्ये. ज्या निवांतपणात ही पाने घडली, त्यामागे कुणाचा घाम होता, हे निळ्या पानावर दिसत नाही. यावरून मी ॲनाबाईंना दोषी ठरवायला बसलेली नाही. पण पान सुंदर आहे म्हणून तो शब्द न वाचता पुढे जाणेही मला जमत नाही. रंगाने जे पुसले, त्याचा माग नुसत्या एका चिठ्ठीने ठेवला आहे. ती तेलकट कागदाची पट्टी नसती तर तो नेचा कुठलाही नेचा झाला असता.

लादलेला निळा, निवडलेला निळा

ॲनाबाईंवर निळा लादलेला होता. शंभर वर्षांनी एका चित्रकाराने तो आपण होऊन निवडला. हेन्री मातीस यांच्यावर १९४१ मध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. नंतर बराचसा काळ पलंगावर आणि चाकाच्या खुर्चीत गेला. मदतनीस मुली कागद रंगवून देत, आणि ते कात्रीने आकार कापत. १९५२ च्या उन्हाळ्यात त्यांना पोहणारी माणसे पाहायची इच्छा झाली, म्हणून कान शहरातल्या एका तलावावर गेले. ऊन सोसेना. नीसला परत येऊन त्यांनी राहत्या जागेतल्या जेवणघराच्या भिंतीला पांढऱ्या कागदाचा पट्टा लावून घेतला आणि त्यावर निळ्या कागदाच्या आकृत्या लावल्या. सूर मारणाऱ्या, तरंगणाऱ्या, पाणी उडवणाऱ्या. ‘द स्विमिंग पूल’ म्हणून ते काम प्रसिद्ध आहे. बसलेल्या स्त्रियांची त्यांची निळी कागदचित्रेही त्याच वर्षीची.

इथे निळा एकच, पण तो कधी पाणी आहे तर कधी देह. रंग बदलला नाही; अर्थ मात्र आकारागणिक बदलतो. माझ्या भाचीचे पान मला या घराण्यातले वाटते. हातात सगळे रंग असताना तिने बाकीचे बाजूला ठेवले. मात्र निवडून घेतलेल्या रंगालाही ॲनाबाईंचा प्रश्न चुकत नाही. तिच्या निळ्या पानावर औषधाच्या पाकिटाचा तुकडा होता. कुणाचे औषध? शाळेच्या गणवेशाची चिंधी होती. कुणाचा गणवेश? रंग जुळला की वस्तू पानात सामावून जाते आणि तिची गोष्ट दिसेनाशी होते.

नळकांडे

सायनोटाइपचे पुढे काय झाले, ते अण्णांच्या नळकांड्यात आहे. १८७० च्या दशकापासून इंजिनिअरांनी ही पद्धत उचलली. पारदर्शक कापडावर शाईने काढलेला नकाशा रसायन लावलेल्या कागदावर ठेवायचा आणि ऊन द्यायचे. शाईखाली पांढरे, बाकी निळे. एका मूळ नकाशाच्या हव्या तितक्या प्रती. शैवालाची जागा धरण, पूल आणि कालव्यांनी घेतली. ‘ब्ल्यू प्रिंट’ हा शब्द आपण कुठल्याही योजनेला लावतो, तो इथून आला. पुढे अमोनियाच्या प्रिंट आल्या आणि निळी जमीन गेली. पांढऱ्यावर निळ्या रेघा आल्या. अण्णांनी दोन्ही केल्या होत्या. कचेरीच्या गच्चीवर काचेची चौकट घेऊन ऊन धरावे लागे आणि ढग आला की साहेब चिडत, असे ते सांगत.

भाची आल्यानंतर आठवड्याने मी नळकांडे उघडले. नकाशा १९६८ चा, एका मध्यम धरणाचा. निळा थोडा विटला होता. सायनोटाइप उजेडात फिकटतो आणि अंधारात ठेवला की बऱ्याच अंशी परत येतो, असा त्याचा स्वभाव आहे; बारा वर्षांच्या अंधाराने त्याचे भलेच केले असावे. भिंतीच्या रेघा, सांडवा, आणि वळणावळणाने गेलेली एक लांब पांढरी रेघ. पाणी कुठवर चढणार, ती ही रेघ. तिच्या आत अण्णांच्या रेखीव अक्षरांत तीन वाड्यांची नावे. पाणी, शेत, देऊळ, घर सगळे एकाच निळ्याचे. फक्त नावांवरून कळते की तिथे कुणी राहत होते.

ही रेघ अण्णांनी ठरवली नव्हती. त्यांनी ती उतरवली. मला लहानपणी त्यांच्या अक्षराचा अभिमान वाटे. त्या नावांचे पुढे काय झाले, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

नकाशा कापायचा नाही, यावर आता भाचीच ठाम होती. तिने दुसरी वाट काढली. पुण्याहून दोन रसायनांच्या पुड्या मागवल्या, हातमोजे घालून माझ्या मोरीत कागदाला लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही गच्चीवर गेलो. कागदावर तिने अण्णांची पितळी पट्टी, कंपास आणि शाईची रुळपेन मांडली. मग पांढऱ्या कागदाची एक पट्टी घेतली, खोबरेल तेलाने पारदर्शक केली आणि काळ्या शाईने लिहिले: अण्णांचे नाव, ‘अनुरेखक, १९६८’, आणि खाली तिन्ही वाड्यांची नावे.

“एवढं लिहिलं तर पान भरून जाईल,” मी म्हटले.

“भरू दे.”

काच दाबली. साताऱ्याच्या मे महिन्यातल्या उन्हाला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. परातीतल्या पाण्यात कागद सोडला तसे पिवळट पाणी सुटत गेले. आधी पट्टी दिसली, मग कंपासाचे पाय, मग अक्षरे. तिसऱ्या वाडीचे नाव पुसट आले होते. तिथे काच नीट बसली नव्हती आणि वाऱ्याने पट्टीचे टोक उचलले गेले होते.

मला ते तसेच बरे वाटले, आणि तसे मी म्हणणारही होते. पण भाचीने कागद दोरीवर वाळत टाकला आणि नवी पट्टी लिहायला घेतली. “हे नाव वाचता येत नाहीये, आत्या. परत करू. ऊन आहे अजून.”